मुलांचे झोपेत दात खाणे : चिंता केव्हा करावी, केव्हा करू नये



अहवालातील जमाखर्चाच्या पानांबरोबर एखाद्या आरोग्यविषयाची माहिती द्यावी, या प्रथेस अनुसरून यंदा आम्ही मुलांच्या दात खाण्याचा विषय निवडला आहे. आम्ही स्वतः प्रशासनाच्या बाजूचे. म्हणून येथील वैद्यकीय भाग दंतविभाग व बालरोग विभागातील डॉक्टरांशी चर्चा करून लिहिला आहे. हा विषय निवडण्याचे कारण असे, की बाह्यरुग्ण विभागात या तक्रारीसाठी येणारे पालक दोन प्रकारचे असतात. काही विनाकारण घाबरलेले असतात आणि औषधांवर पैसे खर्चून आलेले असतात. काहींच्या मुलाला खरोखर उपचारांची गरज असते. पण ‘जंत असतील’ या समजुतीत बराच काळ निघून गेलेला असतो. पहिल्यांना धीर मिळावा आणि दुसऱ्यांनी वेळ दवडू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दात खाणे म्हणजे काय?

वैद्यकीय परिभाषेत या सवयीस ‘ब्रुक्सिझम’ म्हणतात. चावण्याचे स्नायू खाण्याव्यतिरिक्त पुन्हा पुन्हा आकुंचन पावतात आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर घासले जातात किंवा घट्ट आवळले जातात. २०१३ साली विविध देशांतील तज्ज्ञांनी एकमताने केलेल्या व्याख्येत याचे झोपेतील व जागेपणीचे असे दोन प्रकार मानले आहेत. हा भेद पालकांच्याही उपयोगाचा आहे. झोपेत दात घासल्याचा करकर आवाज येतो आणि घर जागे होते. जागेपणी दात आवळून धरण्यास आवाज नसतो. त्यामुळे ते कित्येक महिने कोणाच्या ध्यानात येत नाही.

ही सवय किती मुलांना असते, याचे उत्तर सोपे नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या पाहण्यांतील प्रमाण ३.५ टक्क्यांपासून ४०.६ टक्क्यांपर्यंत आढळले. एवढ्या तफावतीचे एक कारण म्हणजे ही माहिती पालकांच्या सांगण्यावर आधारलेली असते, आणि मूल आईजवळ झोपते की वेगळ्या खोलीत, यावरही ते सांगणे अवलंबून असते. वय वाढते तसे हे प्रमाण घटते, ही गोष्ट मात्र त्याच आढाव्यात स्पष्ट दिसते. म्हणजेच पुष्कळ मुलांची ही सवय कोणत्याही उपचाराविना सुटते.

जंतांची समजूत

‘मूल दात खाते, म्हणजे पोटात जंत आहेत’ ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. या दोहोंमधील कार्यकारणसंबंध निश्चितपणे सिद्ध झालेला नाही. जंतांचे औषध देऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळांतून व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ती अवश्य घ्यावी, कारण जंतांमुळे रक्तक्षय होतो व वाढ खुंटते. परंतु दात खाणे थांबावे म्हणून आपल्या मनाने पुन्हा पुन्हा औषध देत राहणे व्यर्थ आहे.

मग कारण कोणते?

पूर्वी दातांच्या वेड्यावाकड्या ठेवणीस दोष दिला जाई. आता असे मानले जाते, की झोपेतील दात खाण्याचे मूळ दातांत नसून मेंदूकडून होणाऱ्या झोपेच्या नियंत्रणात आहे. झोपेत अधूनमधून काही सेकंद मेंदू किंचित जागा होतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यापाठोपाठ जबड्याचे स्नायू हालू लागतात. साहजिकच झोप वारंवार चाळवणाऱ्या गोष्टी ही सवय वाढवू शकतात : चोंदलेले नाक, वाढलेले टॉन्सिल किंवा नाकामागील अॅडिनॉइड ग्रंथी, घशाशी येणारे आम्ल, अपुरी झोप आणि मनावरील ताण. घरातील तंबाखूच्या धुराशीही तिचा संबंध आढळला आहे. काही कुटुंबांत ती अनुवंशाने येते. मेंदूचा पक्षाघात किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत ती अधिक आढळते. नैराश्यावरील व अतिचंचलतेवरील काही औषधांमुळेही ती सुरू होऊ शकते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.

पालकांनी काय पाहावे?

मूल झोपेत काय करते, हे डॉक्टरांना दिसत नाही. ते घरच्यांनाच दिसते. म्हणून पालकांचे निरीक्षण ही या तक्रारीतील सर्वांत मोलाची तपासणी होय. पुढीलपैकी काही आढळल्यास मुलाला विलंब न लावता दाखवावे :

१. रोज घोरणे, तोंड उघडे ठेवून झोपणे, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटणे, झोपेत फार घाम येणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा सुरू होणे.

२. पुरेसे तास झोपूनही सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंगणे, चिडचिड करणे किंवा अभ्यासात लक्ष न लागणे.

३. सकाळी जबडा किंवा गाल दुखणे, तोंड पूर्ण न उघडणे, चावताना कानापुढे कट्‌ असा आवाज येणे. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असल्याने मूल ‘कान दुखतो’ असेही सांगते.

४. दात सपाट किंवा आखूड दिसणे, त्यांचे टवके उडणे, थंड किंवा गोड पदार्थांनी ठणका लागणे.

पहिल्या दोन गटांतील लक्षणे असतील तर दंतवैद्याबरोबर बालरोगतज्ज्ञ व कान-नाक-घसा तज्ज्ञ यांनाही दाखवणे आवश्यक ठरते. दात खाणे ही अशा वेळी झोपेत श्वास अडत असल्याची खूण असू शकते. टॉन्सिल व अॅडिनॉइडची शस्त्रक्रिया आवश्यक ठरून ती झाल्यावर अनेक मुलांचे दात खाणेही कमी होते. ‘गाढ झोपते म्हणून घोरते’ असे म्हणून या खुणेकडे डोळेझाक झाली, तर मुलाच्या वाढीची व शिक्षणाची हानी होऊ शकते. या लेखातील हीच बाब आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते.

यांपैकी काहीही नसेल, तर नेहमीची दंततपासणी करून घ्यावी आणि निर्धास्त राहावे. दुधाच्या दातांचे कवच कायमच्या दातांपेक्षा पातळ असते, त्यामुळे त्यांची झीज लवकर दिसते. तथापि सहाव्या वर्षाच्या सुमारास ते पडू लागतात आणि बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत त्यांची जागा कायमचे दात घेतात. कायमच्या दाताचे झिजलेले कवच मात्र पुन्हा येत नाही. म्हणून मोठ्या मुलांच्या बाबतीत अधिक जागरूक राहावे.

किशोरवयातील मुले

रागावलेल्या माणसाला ‘दातओठ खातो’ असे आपली भाषा म्हणते. मनाचा ताण जबड्यात उतरतो, हे त्यात अचूक टिपले आहे. दहावी-बारावीच्या वर्षात अभ्यास करताना किंवा मोबाइल पाहताना अनेक मुले नकळत दात आवळून बसतात. वास्तविक विश्रांतीच्या वेळी वरचे-खालचे दात एकमेकांस टेकलेले नसतात. ‘ओठ मिटलेले, दात सुटे, जबडा सैल’ हे मुलाला समजावून द्यावे आणि आठवणीसाठी अभ्यासाच्या टेबलावर लहानशी चिठ्ठी लावावी. रात्री जागण्यासाठी चहा-कॉफी व उत्तेजक पेये घेणे टाळावे. तंबाखू व मद्य यांनीही सवय बळावते. मुलाकडे याची चौकशी करावी लागली तर ती शांतपणे करावी. मनावरील ओझे मोठे वाटल्यास समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

घरी काय करावे, रुग्णालयात काय होते?

झोपेची वेळ ठरलेली असावी. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. झोपण्यापूर्वी तासभर दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवून गोष्ट, गप्पा किंवा वाचन यांत वेळ घालवावा. मुलाला दात खाताना हलवून जागे करू नये, त्याला ओरडू नये आणि पाहुण्यांसमोर त्याची थट्टा तर मुळीच करू नये. झोपेत घडणाऱ्या गोष्टीवर त्याचा ताबा नसतो.

रुग्णालयात दातांची झीज, जबड्याचे स्नायू व सांधा तपासला जातो. फार झिजलेल्या दुधाच्या दाढेवर पोलादी टोपी बसवता येते. कायमच्या दाताचा उडालेला टवका दाताच्या रंगाच्या भरावाने भरून काढता येतो. नाईट गार्डविषयी पालक आवर्जून विचारतात. दात पडण्या-येण्याच्या वयात जबडा वाढत असतो, त्यामुळे ते सहसा दिले जात नाही. कायमचे दात आलेल्या मुलाला गरज भासल्यास मापाने बनवलेले गार्ड देतात. त्याने दातांचे रक्षण होते, सवय मोडतेच असे नाही. दुकानातून तयार गार्ड आणून मुलाच्या तोंडात बसवू नये.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता, या तक्रारीत बहुतेक वेळा महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो डॉक्टरांचा वेळ : पालकांचे म्हणणे नीट ऐकून घेणे, घोरण्याविषयी विचारणे, ‘औषधाची गरज नाही’ हे पटवून देणे. असा वेळ देयकात दिसत नाही; आपल्या देणग्यांमुळेच तो देणे शक्य होते, याची आम्हांस कृतज्ञ जाणीव आहे. ज्या मुलांना शस्त्रक्रिया किंवा दंतोपचार आवश्यक ठरतात, त्यांच्या पालकांनी खर्चाच्या भीतीने परत न जाता समाजसेवा विभागाशी अवश्य बोलावे. भेटीस येण्यापूर्वी आठवडाभर मुलाची झोपेची वेळ, घोरणे व सकाळच्या तक्रारी एका कागदावर टिपून आणाव्यात, ही नम्र विनंती.