हौद्याखालचं लोखंड

टण, टण, टण... आणि मग एकदम थप. कुडाळजवळच्या त्या गॅरेजात पहिला सगळा दिवस हाच आवाज चालू होता. जमिनीवर गोणपाट अंथरून मिस्त्री गाडीखाली उताणे झाले होते आणि हातातल्या छोट्या हातोडीने चासीची लांब पट्टी पुढून मागे, वीत-वीत अंतरावर ठोकत सरकत होते. लोखंड शाबूत असेल तिथं ते वाजतं. आतून खाल्लं गेलं असेल तिथं आवाज मरतो, आणि तिथं खडूची फुली पडते. केबिनखाली फुल्या विरळ होत्या. मागच्या चाकांपाशी त्या एकमेकींना भिडल्या. “वरसून रंग बगा कसो चकचकीत,” मिस्त्री म्हणाले, “आतसून नुसते पापुद्रे.”

गाडी म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची महिंद्राची जीप, मागे लाकडी हौदा असलेली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ साली. त्याआधी मालवणची मासळी काय किंवा देवगडचा हापूस काय, सगळं रस्त्यानेच घाट चढायचं. या हौद्याने बर्फातला बांगडा आणि सुरमई वाहिली, वैशाखात आंब्याच्या पेट्या वाहिल्या, पावसाच्या तोंडावर खताच्या गोण्या आणि चतुर्थीला वाडीतले गणपती. मालकाच्या वडिलांनी घेतलेली ही गाडी मुलाला पुन्हा रस्त्यावर बघायची होती. इंजिनाचं काम होण्यासारखं होतं, पत्राही होण्यासारखा होता. प्रश्न चासीचा होता, आणि चासी गेली असेल तर बाकी काहीही करून उपयोग नव्हता.

किनाऱ्यावर गाड्या लवकर कुजतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण नुसत्या खाऱ्या वाऱ्यावर दोष टाकून भागत नाही. निव्वळ मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. मालवणात हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे एकदा लोखंडावर समुद्राचं मीठ बसलं की ऐन एप्रिलच्या दुपारीसुद्धा तिथं डोळ्याला न दिसणारी ओल टिकून राहते. त्यात मासळीची गाडी. बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या फळ्यांतून चासीवर ठिबकतं. चासीची पट्टी ‘सी’ आकाराची, उघडी, पण जिथं जोर येतो तिथं आतून दुसरी पट्टी बसवून ती बंद केलेली. या बंद पोकळीत जांभ्याची तांबडी माती शिरते, पाणी जायची भोकं बुजवते आणि वर्षानुवर्षं ओली बसून राहते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या मध्ये तो फुगू लागला की रिबीट मारून जखडलेल्या पट्ट्या एकमेकींपासून उकलतात. या चासीवर एका आडव्या पट्टीची दोन रिबीटं अशीच डोकी उडून गेलेली होती. कुणी काही आदळलं नव्हतं. गंजाने आतून रेटून ती तोडली होती.

मग गाडी सुटी झाली. हौदा उतरला, चेन ब्लॉकला लावून केबिन उचलली, इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही अ‍ॅक्सल बाजूला गेले. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट पान्याला दाद देईनात, ते गॅसने लाल करून कापले. यू-बोल्ट तसेही पुन्हा वापरायचे नसतात. एकदा ताणले गेले की त्यांची पकड पहिल्यासारखी राहत नाही. उघडी चासी घोड्यांवर ठेवली आणि मला सगळ्यात आवडलेलं काम सुरू झालं, ते म्हणजे माप.

गॅरेजात लेझरचं यंत्र नव्हतं, आणि त्यावाचून अडलंही नाही. डाव्या-उजव्या पट्टीवर जोडीने येणाऱ्या भोकांतून ओळंबा सोडायचा, खाली सिमेंटच्या जमिनीवर खूण करायची. सगळ्या खुणा झाल्या की चासी बाजूला सारायची. जमिनीवर उरतो तिचा नकाशा. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, असे दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. कर्ण सारखे भरले तर चासी काटकोनात आहे. इथं पुढचे कर्ण जुळले, मागचे जुळेनात. उजवी पट्टी केबिनच्या मागे खाली बसली होती आणि त्या ओढीने मागचं टोक किंचित तिरकं झालं होतं. हौदा भरून घाटात वळणं घेणाऱ्या गाडीची चासी तिथंच दमते, कारण केबिन जिथं संपते आणि ओझं जिथं सुरू होतं तिथं सगळी वाक एकवटते.

इथं मोह होतो नवी चासी आणायचा. विलीस कंपनीने ‘सीजे ३ बी’ हे मॉडेल १९५३ मध्ये काढलं आणि अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंद झालं, पण महिंद्राने तो साचा पुढे कित्येक वर्षं चालू ठेवला. त्यामुळे जुन्या जिपांचा माल आजही मिळतो, चासीसुद्धा मिळते. पण चासी नंबर त्या लोखंडावरच ठोकलेला असतो. पट्टी बदलली की कागदावरची गाडी वेगळी आणि दारातली वेगळी. मिस्त्रींनी पहिल्यांदा नंबराची जागा रॉकेलच्या फडक्याने पुसली, आकडे आरसीशी ताडले आणि त्यावर चिकटपट्टी लावली. ग्राइंडर धरणाऱ्या पोराला दम भरला, “हयसर हात लावशीत तर याद राख.”

विंटेज गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, चासीत, बॉडीत किंवा इंजिनात फेरफार न केलेली गाडी विंटेज ठरते. पण ती वैयक्तिक, बिगरव्यापारी वापराची असली पाहिजे. म्हणजे ज्या गाडीने आयुष्यभर ओझं वाहिलं ती या चौकटीत बसायला अवघडच. मला हे अपुरं वाटतं. संस्थानिकांच्या मोटारी जपायला हव्यातच. पण सिंधुदुर्गातल्या गावांचा पन्नास वर्षांचा व्यवहार ज्या हौद्यांतून झाला, त्या गाड्यांची गणना भंगारात होते आणि लोखंडाच्या वजनावर त्या घाट चढून जातात. मूळ लोखंड जितकं वाचवता येईल तितकं वाचवायचं, हा मिस्त्रींचा हट्ट म्हणून मला मोलाचा वाटला.

हट्ट धरायचा म्हणजे इंचाइंचाला ठरवणं आलं. आधी ब्लास्टिंग. किनारा इतका जवळ, पण समुद्राची वाळू वापरायची नाही. तिच्यात मीठ असतं आणि तिची धूळ फुप्फुसं निकामी करते. तांब्याच्या भट्टीतल्या मळीची खडी वापरतात. ब्लास्टिंगनंतर चासी राखाडी, उघडीवाघडी दिसते आणि बारीक खड्डे स्पष्ट होतात. मीठ या खड्ड्यांच्या तळाशी दडून बसतं, म्हणून गोड्या पाण्याचा जोराचा फवारा, मग गरम हवेने वाळवणं आणि त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी त्यावर नारिंगी झाक आलेली असते.

जिथं पट्टीची जाडी निम्म्याखाली गेली होती तिथं लोखंड कापून काढलं. निरोगी भाग लागेपर्यंत कापायचं, दया करायची नाही. नवा तुकडा त्याच जाडीचा हवा. जाड घातला तर तो स्वतः वाकत नाही आणि त्याच्या कडेला जुनं लोखंड तुटतं. जोड सरळ उभा कधीच घेत नाहीत, तिरका घेतात, म्हणजे जोर एका रेषेवर येत नाही. आतून लावायच्या आधारपट्टीची टोकंसुद्धा निमुळती. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ. सळ्या ७०१८ नंबरच्या, आणि त्या बल्ब पेटता ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात. कोकणच्या हवेत सळीच्या लेपाने ओल धरली तर त्या पाण्यातला हायड्रोजन जोडात शिरतो, आणि वरून सुबक दिसणाऱ्या जोडाला नंतर आतून तडा जातो. एका दमात लांब वेल्ड मारत नाहीत. बोटभर इथं, मग दुसऱ्या टोकाला, मग मध्ये. नाहीतर उष्णतेने चासी पिळते आणि कर्ण पुन्हा हुकतात. प्रत्येक टप्प्याला ओळंबा होताच.

उडालेल्या रिबीटांच्या जागी भोकं रीमरने गोल करून, त्यात घट्ट बसणारे ८.८ ग्रेडचे बोल्ट घातले. लाल तापवून रिबीट मारणारे हात आता सहज मिळत नाहीत. ते मिळाले असते तर मला अधिक आनंद झाला असता.

पाट्यांची गोष्ट वेगळी. आठ-दहा पोलादी पट्ट्यांची चवड, प्रत्येक वरचीपेक्षा आखूड. ओझं आलं की त्या एकमेकींवर घसरतात, आणि त्या घर्षणाने गाडीची उसळी थोडी जिरते. पट्ट्यांच्या मध्ये गंज भरला की घसरणं थांबतं. चवड एक ठोकळा होऊन जाते, गाडी दगडासारखी उडते आणि सगळ्यात लांब मेन पाटा मोडतो. डाव्या बाजूचा मोडलाच होता, नेमका मधल्या भोकापाशी. आधीच्या कुणीतरी तो वेल्ड करून चालवलेला. स्प्रिंगच्या पोलादाला असा ताव लागला की त्याचं पाणी उतरतं. वेल्ड टिकला तरी शेजारचं पोलाद तुटतं. तो पाटा नवाच घ्यावा लागला. बाकीच्यांची कमान बसली होती. ते सुटे करून, गंज काढून, कोल्हापूरला पाठवले. पाटेवाला ऐरणीवर थंड्या पाट्याला ठोके देत कमान परत आणतो, आणि डावी-उजवी चवड एकमेकींवर पालथी धरून उंची जुळवतो.

शॅकलवर पाट्याचं एक टोक झुलतं, कारण दबलेला पाटा लांबतो आणि त्याला जागा लागते. जुन्या जिपांच्या यू आकाराच्या शॅकलला थेट आटे असतात, काहींना उलटे. उलट्या आट्याच्या शॅकलवर ओळखीसाठी एक बारीक उंचवटा असतो. तो न बघता पाना फिरवला तर आटे गेलेच.

रंग झाल्यावर चासीच्या बंद पोकळ्यांत तेल मारायचं होतं. मिस्त्रींनी माशाचं तेल काढलं, ज्याने किनाऱ्यावर होड्यांची लाकडं पिढ्यान्‌पिढ्या माखली जातात. अमेरिकेतल्या रस्ट-ओलियम या १९२१ पासूनच्या कंपनीची कथाही अशीच सांगतात. रॉबर्ट फर्गसन नावाच्या स्कॉटिश कप्तानाला गंजलेल्या डेकवर माशाचं तेल सांडलेलं दिसलं आणि तिथला गंज थांबलेला दिसला. हे तेल पातळ, फटीत झिरपतं आणि हवेने सावकाश चिकट होत जातं. वास पुष्कळ दिवस राहतो. मालकाला त्याचं काही वाटलं नाही, त्याच्या लहानपणी या गाडीला मासळीचाच वास असायचा.

जोडणी उलट क्रमाने झाली, पण शेवटची आवळणी चाकं जमिनीला टेकल्यावरच. गाडी घोड्यांवर अधांतरी असताना रबरी बुशचे बोल्ट करकचून आवळले, तर ओझं येताच रबर पिळतं आणि लवकर फाटतं. म्हणून हौदा बसवला, त्यात जांभ्याचे चिरे रचले, गाडी दोन-चार वेळा दाबून सोडली आणि मग आवळलं. यू-बोल्टांना तर तेवढंही पुरत नाही. नव्याने रचलेले पाटे पहिल्या काही दिवसांत एकमेकांत बसतात, चवड केसभर पातळ होते आणि पकड सैल पडते. तशीच चालवली तर मेन पाटा पुन्हा त्याच मधल्या भोकाशी मोडणार. मिस्त्रींनी मालकाला चावी दिली ती अट घालूनच, “कणकवलेक जाऊन ये, थोडो माल भर, आणि आठ दिसांनी परत हाड. बोल्ट परत आवळूचे आसत.”