फोमचे चिलखत, लोखंडाची झीज

विज्ञानपटातल्या योद्ध्याचे चिलखत घरी करायला पत्रा किंवा लोखंड लागत नाही. लागतो ईव्हीए फोम. खेळाच्या बुटांच्या तळव्यात असतो तोच हा फोम. लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवून पसरतात त्या रंगीत चटयाही त्याच्याच. तो कटरने कापला जातो, तापवला की वाकतो, थंड झाला की दिलेला आकार धरून ठेवतो आणि अंगभर चढवला तरी फारसा जड वाटत नाही. या मऊ वस्तूला लढाया पाहिलेल्या जुन्या धातूचे रूप देणे, हे या कामातले खरे कसब.

अशा पोशाखांची हौस निदान १९३९ पासूनची आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले आणि फॉरेस्ट अ‍ॅकरमन व मर्टल डग्लस हे दोघे तिथे भविष्यकाळातले कपडे घालून आले. ते कपडे डग्लस यांनीच तयार केले होते. चिलखताची ओढ मात्र लावली ती १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने. त्याआधीच्या बहुतेक विज्ञानपटांतली याने आणि वेश कोरे करकरीत असत. जॉर्ज लुकास यांनी मळलेले, पोचे पडलेले, डागडुजी करून वापरात ठेवलेले जग दाखवले. त्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांना ऑस्कर मिळाले. भारतात २०११ साली दिल्लीला कॉमिक कॉन भरू लागले, पुढे मुंबईतही ते भरू लागले, आणि असे पोशाख घालून मिरवायला हक्काची जागा झाली.

सुरतेत असे चिलखत घरी करणाऱ्याला सामानाची ददात नाही. चिलखताखाली घालायचे ताणणारे कापड, नवारीच्या पट्ट्या, इलॅस्टिक, वेल्क्रो, बक्कल या सगळ्या कापडधंद्याच्या वस्तू, आणि हे शहर मोठ्या प्रमाणात कापडावर उभे आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली पुष्कळ मराठी वस्ती आहे. गणेश मंडळाची आरास ज्यांनी केली आहे, त्यांचा हात कटर आणि स्प्रेवर आधीच बसलेला असतो.

सुरुवात मापापासून. अंगात जुना टीशर्ट घालून त्यावर दुसऱ्याकडून पॅकिंगची चिकटपट्टी घट्ट गुंडाळून घ्यायची, मार्करने छाती, बरगडी आणि खांद्याच्या तुकड्यांच्या रेषा आखायच्या, मग पाठीकडून कापून हे कवच उतरवायचे. रेषांवरून कापले की अंगाच्या नेमक्या मापाचे साचे हाती येतात. नेटवर मिळणारे तयार साचे वापरायचे तर उंचीचे प्रमाण लावतात: पात्र १८३ सेंटिमीटरचे आणि घालणारा १६५ चा असेल तर साचा ९० टक्क्यांवर आणायचा. पण उंचीच्या प्रमाणात घेर बदलतोच असे नाही, म्हणून छाती आणि दंड वेगळे मोजावेत.

तुकड्यांची रचना कशी असावी हे जुन्या भारतीय चिलखतांकडून शिकण्यासारखे आहे. चारआईना या प्रकारात छाती, पाठ आणि दोन कुशी अशा चार पत्र्यांना पट्ट्यांनी जोडलेले असते, त्यामुळे श्वास घेता येतो आणि कमरेत वाकताही येते. फोमच्या धडालाही हीच विभागणी चांगली. अखंड पिंप केले तर ते घालून बसता येत नाही.

छातीसाठी साधारण १० मिलिमीटर जाडीचा फोम घेतात, हातापायांसाठी ६ आणि वरच्या नक्षीसाठी २. पाते सतत नवे हवे. बोथट पाते फोम फाडते आणि ती दातेरी कड रंगाखालीही लपत नाही. कोन हवा तिथे कड तिरकी कापायची. सांधण्यासाठी फर्निचरवाले सनमायका बसवताना वापरतात तसा रबरी गोंद लागतो. तो दोन्ही कडांना लावून पाच-दहा मिनिटे थांबायचे. बोटाला चिकटेनासा झाला की कडा एका टोकापासून जुळवत न्यायच्या. एकदा टेकलेली कड परत सुटत नाही. या गोंदाच्या वाफा डोक्यात जातात आणि पेटही घेतात, म्हणून काम गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत, गॅसच्या शेगडीपासून दूर करावे. वाफा अडवणारा कार्ट्रिजचा मास्क हवा. कापडी मास्क इथे निरुपयोगी. फोम घासताना उडणारी भुकटीही छातीत जाऊ देऊ नये.

मग हीट गन. गरम हवा फिरली की फोमची भुरकट पाठ किंचित चकाकते, म्हणजे वरची छिद्रे मिटली. त्याच क्षणी तुकडा मांडीवर किंवा पातेल्यावर दाबून धरला की गोलाई येते.

रंगाच्या टप्प्यावर घाई झाली की सगळी मेहनत प्लॅस्टिकसारखी दिसते. धातूची चमक रंगाइतकीच त्याखालच्या पृष्ठभागावर अवलंबून असते, आणि सुरतेच्या जरीधंद्यात याचा रोकडा दाखला आहे. अस्सल जरीत चांदीची तार चपटी करून रेशमावर गुंडाळतात आणि तिला सोन्याचा मुलामा देतात. स्वस्त जरीत निर्वात यंत्रात पॉलिस्टर फिल्मवर अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ थर बसवतात. धातू नावालाच असतो, तरी फिल्म गुळगुळीत असल्याने ती आरशासारखी झळकते. फोमवरही तसेच. पाणी घातलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे चार-पाच पातळ हात देऊन, प्रत्येक हात वाळू देऊन छिद्रे बुजवली तरच चंदेरी रंग धातूसारखा दिसतो. पावसाळ्यात सुरतेच्या दमट हवेत हा थर लवकर वाळत नाही. वरून कोरडा, आतून ओला राहतो आणि पुढे रंगाचे पोपडे निघतात. हे काम दिवाळीनंतर काढणे शहाणपणाचे. चंदेरीखाली काळे अस्तर द्यावे. पांढऱ्यावर दिलेली चांदी खेळण्यासारखी दिसते, काळ्यावर तिला खोली येते.

यानंतर झीज. नवशिके इथे सगळीकडे सारखेच ओरखडे मारतात आणि चिलखत घाणेरडे दिसते, जुने दिसत नाही. झीज कारणाशिवाय होत नाही. एसटीच्या दाराचा दांडा पाहावा: हात पडतो तिथे धातू लख्ख, आणि दांडा पत्र्याला मिळतो त्या कोपऱ्यात रंग जसाच्या तसा. चिलखतातही कोपर, गुडघा, मनगटाची कड, बंदुकीचा पट्टा घासतो तो खांदा आणि उजव्या हातात शस्त्र धरणाऱ्याची उजवी बाजू आधी झिजणार. काखेत आणि पट्ट्याखाली रंग ताजा राहणार. सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यालगतच्या लोखंडी जाळ्या पाहिल्या तर कळते की गंज सपाट भागापेक्षा पाणी साचते तिथे, सांध्यात आणि बोल्टच्या बुडाशी आधी धरतो आणि तिथून खाली ओघळतो. म्हणून गंजाचे ओघळ नेहमी खालच्या दिशेनेच काढायचे.

थरांचा क्रमही खऱ्या वस्तूसारखाच असतो. आधी चांदी. ती वाळली की पोपडे हवे तिथे टूथपेस्टचे किंवा व्हॅसलीनचे बारीक ठिपके लावायचे, त्यावर मुख्य रंग मारायचा, आणि तो वाळला की ठिपके पुसून काढायचे. खालची चांदी वेड्यावाकड्या कडांनी उघडी पडते; ब्रशने काढलेल्या पोपड्याला ती सर येत नाही. पुढे काळपट तपकिरी अ‍ॅक्रिलिक पाण्यासारखे पातळ करून सगळीकडे लावायचे आणि लगेच फडक्याने पुसायचे. सपाट भाग स्वच्छ होतो, खाचांत मळ उरतो. जवळजवळ कोरड्या ब्रशने उठावदार कडांवर चांदी फिरवली की त्या घासल्यासारख्या दिसतात. बंदुकीसारखी निळसर झाक हवी असेल तर काळ्या रंगावर शिसपेन्सिलीची भुकटी बोटाने चोळावी. या कामी तिच्याइतके स्वस्त आणि नामी साधन दुसरे नाही. शेवटी धूळ, आणि ती एकाच मुलखाची हवी. वाळवंटातला योद्धा असेल तर पिवळसर, काळ्या मातीतला असेल तर करडी. पोटऱ्यांवर दाट, गुडघ्याच्या वर विरळ, आणि बुटांवर व आतल्या कापडावरही तीच. सगळ्यावर बिनचमकीच्या लॅकरचा हात दिला की रंग हाताला लागत नाही.

घालताना मोठा शत्रू उकाडा. या फोममधून हवा खेळत नाही, घाम आतच राहतो. शिरस्त्राणात संगणकातला छोटा पंखा पॉवर बँकेवर चालवला तर काच धुरकट होत नाही. तासाभराने शिरस्त्राण काढून पाणी प्यावे, सोबत एक माणूस असावाच. मुंबईला फ्लाइंग राणी या रेल्वेगाडीने जायचे तर तुकडे सुटे करून, प्रत्येकाला जुन्या चादरीत गुंडाळून न्यावे. बरोबर गोंदाची छोटी डबी, कटर आणि चंदेरी रंग ठेवावा. मे महिन्यात बंद गाडीत चिलखत ठेवले तर सांधे उकलतात आणि आकार बिघडतो. घरी आल्यावर आतले कापड धुवून, पट्ट्या वाळवून, तुकडे एकावर एक न रचता टांगून ठेवावेत. ओलसर राहिलेल्या वेल्क्रोला पावसाळ्यात बुरशी धरते.