डायलिसिसच्या आधीची माणसं

मधुमेहाने किडनी बिघडत असते तेव्हा ती दुखत नाही. पायावर सूज दिसेपर्यंत, लघवीला फेस येतोय हे लक्षात येईपर्यंत बरीच वर्षं निघून गेलेली असतात. मधुमेह असलेल्या साधारण तिघांपैकी एकाच्या किडनीला त्याची झळ पोचते. तरी पुण्यात शनिवार पेठेतल्या वर्तक बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत शुगरचा आकडा सगळ्यांना पाठ, किडनीचं काम सांगणाऱ्या क्रिएटिनिनचा एखाद्यालाच, आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा बहुधा कुणालाच नाही. ‘मी तर सडपातळ’ म्हणूनही निर्धास्त राहू नये. दिसायला बारीक असलेल्या भारतीय शरीरात चरबी किती लपलेली असते, हे पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं आहे.

या आजारात औषधाइतकंच काम माणसांच्या एका चमूचं असतं. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मधुमेहाची माहिती नीट समजावून सांगणारी व्यक्ती, औषधविक्रेता, घरचं माणूस, आणि मधोमध स्वतः रुग्ण. डॉक्टरांच्या वाट्याला तीन महिन्यांतली पंधरा मिनिटं येतात. उरलेले सगळे दिवस रुग्णाचे आणि त्याच्या स्वयंपाकघराचे असतात.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. एस. एस. आजगावकरांनी १९५५ मध्ये मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन केली. चमूच्या उपयोगाचा खणखणीत पुरावा मिळाला तो मात्र डेन्मार्कमध्ये. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टेनो-२’ अभ्यासात लघवीत अल्ब्युमिन जाऊ लागलेले १६० मधुमेही होते. त्यातल्या निम्म्यांकडे डॉक्टर, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून लक्ष दिलं. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू, चालणं असं सगळं एकदम हाती घेतलं. सुमारे आठ वर्षांनी पाहिलं, तर या गटात किडनीचा आजार बळावण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. एकवीस वर्षांनंतरचा हिशेब असा, की ही माणसं दुसऱ्या गटापेक्षा सरासरी जवळपास आठ वर्षं जास्त जगली. आठ वर्षं म्हणजे नातवाची सगळी माध्यमिक शाळा आणि वर कॉलेजची सुरुवात.

भारत-पाकिस्तानातल्या दहा केंद्रांत ११४६ रुग्णांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅर्स’ अभ्यासात तर डॉक्टर नसलेला एक समन्वयक नेमला होता. रुग्णाशी संपर्क ठेवायचा, आठवण करायची, अडचण डॉक्टरांपर्यंत न्यायची. सोबत संगणकावरची नोंद. साखर आणि त्याबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आटोक्यात येण्याचं प्रमाण या गटात १८ टक्के, इतरांत ८. अठरा हा आकडा काही मोठा नव्हे, पण दुपटीहून जास्त आहे, आणि तो कुठल्याही महागड्या यंत्राने आलेला नाही. किडनीविषयक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना देणाऱ्या केडिगो या संस्थेनेही २०२२ मध्ये रुग्णाला स्वतःची काळजी घ्यायला शिकवण्याची आणि चमूने उपचार करण्याची शिफारस केली आहे.

आता हे शनिवार पेठेत लावून बघू. वाड्यांचे उभे जिने वर्षानुवर्षं चढून-उतरून गुडघे दुखतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची पट्टी येते आणि आधीच थकलेल्या किडनीवर आणखी भार पडतो. ‘तुमची किडनी कशी आहे?’ एवढं त्या काउंटरवर कुणी विचारलं, तरी मोठं काम होईल. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, हे पोळी-भाजी करणाऱ्या हाताला माहीत हवं. पापड, लोणचं, फरसाण त्यातच धरायचं. उपवासाचं शेंदेलोण हेही मीठच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. ज्यांचं पोटॅशियम वाढलेलं आहे त्यांना ते, तसंच पौष्टिक म्हणून रोज घेतलेलं नारळपाणी, धोक्याचं ठरू शकतं. अशा वेळी शेजारणीचा सल्ला उपयोगाचा नाही, आहारतज्ज्ञाचाच हवा.

एक गोष्ट घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावी. किडनी मंदावली की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. डोस तोच, आणि साखर मात्र उतरू लागते. घरात आनंद होतो, ‘बघा, पथ्याचा गुण आला!’ तो गुण नसून आजार पुढे सरकल्याची खूण असू शकते. घाम सुटला, हात थरथरले, की आधी साखर द्यायची आणि मग डॉक्टरांना फोन. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तरी लगेच फोन करायचा, कारण मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, डापाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या त्या दिवसांपुरत्या थांबवाव्या लागतात. हे ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांनाच विचारून ठरवावं. डापाग्लिफ्लोझिन किडनी जपणारं औषध आहे. २०२० पासून आपल्याकडे त्याच्या स्वस्त गोळ्या मिळू लागल्या, त्यामुळे मध्यमवर्गीय घराला ते परवडतं.

डॉक्टर, प्रयोगशाळा, औषधाचं दुकान, सगळं या पेठेत पायी जाण्याच्या अंतरावर आहे. चमू हजर आहे. त्यांचं आपसात बोलणं मात्र होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद एका पिशवीत, रक्ताचा दुसऱ्या. मुलगा परदेशात, त्याच्या फोनमध्ये तिसराच रिपोर्ट. हे बोलणं घडवून आणायला मोठी संस्था उभारायची गरज नाही. एक फाईल, ती सांभाळणारं घरातलं किंवा शेजारचं एक माणूस, आणि पहिल्या पानावर तारखेनिशी चार आकडे: रक्तदाब, एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर), ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर.

या शेवटच्या तपासणीला शक्यतो सकाळची पहिली लघवी छोट्या बाटलीत द्यायची, बस. गुणोत्तर ३० च्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० इशारा, त्यापुढे गंभीर. ताप, लघवीचा संसर्ग किंवा फार व्यायाम यांनी आकडा फसवा वाढतो, म्हणून एकाच रिपोर्टवर घाबरून न जाता तीन महिन्यांत पुन्हा तपासायचं. इशाऱ्याच्या टप्प्यावर सापडलेली किडनी बरीच वर्षं सांभाळता येते.

तुम्हाला किंवा घरात कुणाला मधुमेह असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना ईजीएफआर आणि ही लघवीची तपासणी, दोन्ही मागा. दर वर्षी मागा, आणि जाताना फाईल बरोबर न्या.