डोकेदुखीचा रोजमेळ

बाजारपेठेतील बहुतेक दुकानांचा गल्ला उघडला, की सुट्या नाण्यांच्या शेजारी वेदनाशामक गोळ्यांची एखादी अर्धी पट्टी हमखास सापडते. दिवाळीचा हंगाम, मार्चअखेरीचे हिशेब, जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची तारीख, निमित्त कोणतेही असो. डोके ठणकू लागले की एक गोळी, वर कडक चहा आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे लक्ष. पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या घरांत या गोळ्यांची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते.

ती ठेवणे का आवश्यक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना मुळातच डोकेदुखीचा त्रास आहे, त्यांनी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी औषधे महिन्यातून १५ वा अधिक दिवस, अथवा अनेक घटक एकत्र असलेल्या गोळ्या आणि अर्धशिशीची खास औषधे १० वा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर औषधच नव्या डोकेदुखीचे कारण बनते. गोळीचा अंमल उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्याची जी गत होते, तीच येथे होते. या चक्रातून बाहेर पडताना पहिले काही दिवस वेदना वाढते; म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.

डोकेदुखीचे दोन प्रकार घरोघरी आढळतात. पहिली ताणाची : कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी, दोन्ही बाजूंना, सौम्य ते मध्यम. दुसरी अर्धशिशी : बहुधा एका बाजूला, ठोके पडल्यासारखी, सोबत मळमळ, उजेड आणि आवाज असह्य. उपचार न केल्यास ती ४ ते ७२ तास टिकते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. आपल्याकडे हिलाच ‘पित्ताची डोकेदुखी’ म्हणण्याचा प्रघात आहे. उलटी झाल्यावर काहींना आराम पडतो, यामुळे तो समज अधिकच पक्का होतो. वास्तविक मळमळ आणि उलटी ही अर्धशिशीचीच लक्षणे आहेत. पित्ताला दोष देत वर्षानुवर्षे आम्लनाशक औषधे घेण्यात मूळ दुखणे दुर्लक्षित राहते.

प्रतिबंधाचा पहिला उपाय बिनखर्ची आहे. एका वहीत महिनाभर रोज नोंद करावी : डोके केव्हा दुखले, किती वेळ, आदल्या रात्री झोप किती, जेवण कोणत्या वेळी, पाणी व चहा किती, गोळी घेतली का. स्त्रियांनी मासिक पाळीच्या तारखाही लिहाव्यात. व्यापारी कुटुंबाला रोजमेळ लिहिणे शिकवावे लागत नाही, आणि महिनाअखेरीस कारणे आपोआप डोळ्यांपुढे उभी राहतात.

पुष्कळ वह्यांत पहिले कारण जेवणाच्या वेळेचे निघेल. दुकानात गर्दी असली की दुपारचा डबा चारला उघडतो. घरातील सुनेची स्थिती तर याहून बिकट : सर्वांची जेवणे, पाहुण्यांचे चहापाणी, साधू-साध्वींचा गोचरीचा लाभ, आणि या सर्वांनंतर स्वतःचे ताट. तिला अर्धशिशी असेल, तर उशिराचे जेवण हे झटक्याला आमंत्रणच ठरते. सासूबाईंनी आणि घरातील पुरुषांनी तिची जेवणाची वेळ निश्चित करून ती पाळली जाईल असे पाहणे, हा औषधाइतकाच महत्त्वाचा उपाय आहे.

पाण्याचे गणित चौविहार करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. डिसेंबरात मुंबईला सूर्यास्त सहाच्या सुमारास आणि नवकारशी आठच्या सुमारास येते; म्हणजे जवळजवळ १४ तास पाणी वर्ज्य. व्रत सांभाळायचे तर दिवसाच्या उजेडात पाणी नियमाने, थोडे थोडे प्यायला हवे. सूर्यास्तापूर्वीच्या दहा मिनिटांत दोन तांबे रिचवून दिवसभराची भरपाई होत नाही.

आता पर्युषण आणि दशलक्षण पर्वाविषयी. पहिल्याच उपवासाला दुपारनंतर डोके धरून बसणारे तपस्वी प्रत्येक उपाश्रयात दिसतात. यात अश्रद्धेचा वा दुर्बलतेचा भाग नाही. ज्यू लोकांच्या योम किप्पुर या उपवासाच्या दिवशी होणाऱ्या डोकेदुखीची पाहणी १९९५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. उपवासाचे तास वाढतात तसे डोकेदुखीचे प्रमाण वाढते आणि ज्यांना आधीपासून हा त्रास असतो त्यांना तो अधिक जडतो, असे तीत दिसले. आपला उपवास तर आदल्या सूर्यास्तापासून पारण्यापर्यंत सुमारे ३६ तासांचा.

त्यात चहाची भर पडते. दिवसातून सहा-सात कप चहा पिणाऱ्याचा चहा एकाएकी तुटला, की कॅफीनअभावी २४ तासांच्या आत डोके दुखू शकते आणि हा त्रास आठवडाभरही रेंगाळतो. यावर तोड सोपी आहे. पर्वाच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करावा. अठ्ठाईची तयारी धारणेच्या दिवशी नव्हे, त्याआधीच सुरू व्हावी. तिविहार उपवासात दिवसा उकाळलेल्या पाण्याची मोकळीक असते. ती असूनही प्रवचन आणि पूजेच्या गडबडीत पाणी राहून जाते, तसे होऊ देऊ नये. ज्यांना तीव्र अर्धशिशी आहे त्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी आणि गुरुमहाराजांशी बोलावे; एकासणे किंवा बियासणे हेही तपच आहे.

झोपेबाबत एकच सूत्र पुरे : वेळ रोज तीच. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत लोळणाऱ्याला त्याच दिवशी अर्धशिशी गाठते, हा अनुभव दुर्मीळ नाही. पूर्वी पेढीवर तक्क्याला टेकून बसण्याची सोय होती. आता मान मोबाइलमध्ये खुपसलेली असते आणि मानेचे आखडलेले स्नायू डोके दुखवतात. तासाभराने उठावे, खांदे सैल करावेत, चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर तपासावा. रोज अर्धा तास झपाझप चालण्याने अर्धशिशीचे झटके कमी होण्यास मदत होते. देरासरला स्कूटरऐवजी पायी गेले तरी निम्मे काम होईल. ४८ मिनिटांच्या सामायिकाचे आणि कायोत्सर्गाचे प्रयोजन आत्मशुद्धी हेच; तथापि शरीर शिथिल करून शांत बसण्याचा सराव ताणाच्या डोकेदुखीवर उपयोगी पडतो, हे वैद्यकशास्त्रही मानते.

रक्तदाबाविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘डोके दुखत नाही, अर्थी बीपी ठीक आहे’ हे अनुमान चुकीचे आहे. रक्तदाब फारच वाढल्याखेरीज तो सहसा डोके दुखवत नाही, म्हणून तो मोजूनच पाहावा लागतो.

काही डोकेदुखी मात्र वहीत नोंदवत बसण्याची नसते. क्षणार्धात शिगेला पोहोचलेली वेदना. ताप आणि ताठरलेली मान. हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, दिसेनासे होणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. यांपैकी काहीही असल्यास दुकान उघडे टाकून तत्काळ रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशिले दुखरी असून चावताना जबडा दुखत असेल तर, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी; यात विलंब झाल्यास दृष्टी जाण्याचाही धोका असतो.