ढगातले कपाट आणि त्याची किल्ली



कारखान्याचा पट्टा पडल्यावर आमच्या गटातील काही सभासदांसोबत आम्ही श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरला गेलो होतो. दर्शन झाले आणि प्रदक्षिणेसाठी पायऱ्या उतरून समुद्राकडे निघालो. ही वाट ओहोटी असतानाच धरायची असते. भरती-ओहोटीची वेळ मोबाईलवर दिसते खरी, पण तेथल्या माणसाला विचारून उतरावे हे बरे. आम्हीही विचारूनच उतरलो. तरी शेवाळलेल्या खडकावर एका सभासदांचा पाय घसरला. माणूस सावरला, पण खिशातला मोबाईल दोन खडकांच्या फटीत पाण्यात गेला.

जीव वाचला म्हणून बाकीचे हसले. ते मात्र तिथेच बसले. म्हणाले, "साहेब, आडसालीच्या लागणीची नोंद, काट्याच्या पावत्या, सोसायटीचे कागद, समदं त्यात होतं."

त्याच रात्री, आम्ही उतरलो होतो तेथील मालकांनी निसर्ग वादळाची हकिगत सांगितली. ३ जून २०२० रोजी ते वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. कौले, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज आणि फोन कितीतरी दिवस बंद. ट्रंकेतले कागद भिजून लगदा झाले. म्हणजे बघा, कागद भिजतो आणि मोबाईलही बुडतो. मग ठेवायचे कुठे?

यावर हल्ली 'क्लाउड' असे उत्तर मिळते. क्लाउड म्हणजे ढग, पण आभाळात काही नसते. कुठल्या तरी कंपनीच्या किंवा सरकारच्या मोठ्या यंत्रांवर आपल्या कागदांची नक्कल ठेवलेली असते आणि इंटरनेटवरून आपण ती बघतो. गोदामात पोती ठेवून पावती घ्यावी, तसेच. मोबाईल ही फक्त गोदामाची खिडकी. खिडकी फुटली तरी माल शाबूत राहतो, पण पावती आपल्या नावाची पाहिजे. आणि रेंज नसली की खिडकी बंद, हेही ध्यानात ठेवावे.

आमच्या सभासदांचे नेमके इथेच अडले. त्यांचे फोटो क्लाउडवर जात होते. पण मोबाईल घेताना दुकानातल्या पोराने खाते स्वतःच काढून दिले होते, त्याचा ईमेल कोणता आणि पासवर्ड काय हे कुणालाच ठाऊक नाही. जुन्याच क्रमांकाचे सिम कंपनीने परत दिले, फोटो काही परत आले नाहीत. डिजिलॉकरमधले आधार आणि वाहन परवाना मात्र नव्या मोबाईलवर लगेच दिसले, कारण ते खाते त्यांच्या स्वतःच्या आधारावर आणि क्रमांकावर होते. लागणीच्या नोंदीची नक्कल गट कार्यालयात होती म्हणून निभावले.

तेव्हा कोणतेही ॲप घेताना ते किती झकपक आहे हे पाहू नका. खाते कुणाच्या नावावर, मोबाईल गेला तर माल परत कसा मिळणार आणि रेंज नसताना काय उपयोग, एवढे आधी विचारा. नातवाने काढून दिले तरी चालेल, पण ईमेल आणि क्रमांक तुमचा हवा. पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा, मोबाईलच्या कव्हरात नको.

आमच्या मते शेतकऱ्याला फार ॲप लागत नाहीत. सरकारी कागदांसाठी डिजिलॉकर पहिले. २०१५ साली केंद्र सरकारने ते सुरू केले, त्यातले खात्यांनी दिलेले कागद कायद्याने मूळ कागदासमान धरले जातात. आपण स्वतः फोटो काढून चढवलेल्या कागदाला मात्र तो मान नाही, इथे पुष्कळांची गल्लत होते. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीवरून काढता येतो, दर खेपेस तलाठ्याकडे जायला नको. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, उसाची नोंद स्वतः बांधावर उभे राहून करावी. हवामानासाठी मेघदूत ठेवा. वळवाच्या दिवसांत विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ठेवा, ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले आहे.

काटा पावत्या आणि लागणीच्या चिठ्ठ्यांसाठी गुगल ड्राइव्हसारखे एक कपाट पुरे. तेथे १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ईमेलही त्याच जागेत मोजले जातात आणि जून २०२१ पासून फोटोही. सकाळच्या फुलांच्या शुभेच्छांनी ती भरू नका. आणि "वॉट्सॲपवर आहे की" असे म्हणून निर्धास्त राहू नका. तेथील निरोप आपल्या मोबाईलमध्येच असतात, बॅकअप लावला नसेल तर मोबाईलबरोबर तेही जातात.

पैशाच्या ॲपबाबत एवढेच, की पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. बिलाचे पैसे जमा करतो, पिन टाका, असा फोन आला तर तो कारखान्याचा नव्हे, ठेवून द्या.

मूळ कागद घरी प्लास्टिकच्या पिशवीत राहू द्यावेत. ज्यांचे खाते दुसऱ्याच्या ईमेलवर असेल त्यांनी नव्या लागणीची नोंद द्यायला येताना मोबाईल आणि आधारकार्ड सोबत आणावे. गट कार्यालयात आम्ही किंवा आमचे शेतकी मदतनीस तुमच्यासमोर बसून खाते तुमच्या नावावर काढून देऊ. पासवर्ड तुम्हीच टाका, आम्ही तोंड फिरवून बसू.

— ऊस विकास अधिकारी