बाळाचं पहिलं पुस्तक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहमदनगर जिल्हा वाचनालयाची सुरुवात १८३८ मधली. वाचनाचा एवढा जुना वारसा असलेल्या या जिल्ह्यातही, आजच्या अहिल्यानगरमध्ये, मूल शाळेत जाईपर्यंत पुस्तक त्याच्यापासून लांब ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. जाड पुठ्ठ्याच्या पानांची बोर्ड बुक मात्र तान्ह्या मुलांसाठीच असतात. ती निवडताना आड येणारे समज तपासून घेऊ.

गैरसमज: एवढ्याशा बाळाला काय कळणार?
वस्तुस्थिती: नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं सर्वांत स्पष्ट दिसतं. पहिल्या काही महिन्यांत काळ्या-पांढऱ्या ठळक आकृत्यांवर त्याची नजर ठरते. अर्थ पुढे कळतो, आवाजाची लय आधी ओळखीची होते. केंद्र सरकारचा २०२४ मधला ‘नवचेतना’ आराखडा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच आहे.

गैरसमज: पान जाड असलं की पुस्तक सुरक्षित.
वस्तुस्थिती: सहा-सात महिन्यांचं बाळ हाती येईल ती वस्तू तोंडात घालून ओळखतं, पुस्तक चावणं ही खोडी नव्हे. म्हणून कोपरे गोल हवेत, बांधणी घट्ट हवी, पानावरचा प्लास्टिकचा थर सुटता कामा नये. चिकटवलेले मणी, डोळे, टिकल्या नकोत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तीत मावणारा तुकडा घशात अडकू शकतो. आवाज करणाऱ्या पुस्तकात बऱ्याचदा चपटा बटण सेल असतो. तो गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल, तर ते पुस्तक घेऊ नका.

गैरसमज: जितकी जास्त चित्रं, तितकं जास्त शिक्षण.
वस्तुस्थिती: वर्षाच्या आतल्या बाळासाठी एका पानावर एकच मोठं चित्र पुरतं. शेळी, वाटी, भाकरी, ट्रॅक्टर, एसटी असं रोज दिसणारं काही असलं, तर बाळ चित्र आणि वस्तू यांची सांगड घालतं. दीड वर्षानंतर पाणी पिणारी गाय, झोपलेलं मूल अशा कृती दाखवाव्यात. अक्षरं आणि अंक थांबू शकतात.

गैरसमज: पुस्तक इंग्रजीच हवं.
वस्तुस्थिती: या वयात भाषा माणसाच्या तोंडून येते. शब्द नसलेलं चित्रपुस्तक अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या बोलीत सांगता येतं, तसंच पाथर्डीच्या बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलीतही. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा ते उत्तम सांगते.

गैरसमज: बोलकं खेळणं किंवा मोबाईल जास्त शिकवतो.
वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या अ‍ॅना सोसा यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १० ते १६ महिन्यांची २६ बाळं आणि त्यांचे पालक यांचा खेळ अभ्यासला. बोलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यांशी खेळताना पालक कमी बोलले, पुस्तकं हाती असताना अधिक बोलले. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये, असा भारतीय बालरोग अकादमीचा सल्ला आहे. नातेवाइकांशी अधूनमधून केलेला व्हिडिओ कॉल तेवढा चालतो.

गैरसमज: तेच पुस्तक पुन्हा मागतं, म्हणजे काही शिकत नाही.
वस्तुस्थिती: ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट यांच्या २०११ च्या अभ्यासात त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकणारी तीन वर्षांची मुलं नवे शब्द अधिक शिकली. दहा पुस्तकं नसली तरी दोन पुरतात.

गैरसमज: हे आपल्याला परवडणारं नाही.
वस्तुस्थिती: स्वच्छ, कोऱ्या पुठ्ठ्याचे चौकोन कापा, कोपरे गोल करा, मैद्याच्या खळीने चित्रं चिकटवा, भोकं पाडून जाड सुती दोऱ्याने घट्ट शिवा. पिना आणि चमकी टाळा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची तान्ही मुलं कित्येक महिने कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. असं पुस्तक त्यांच्या बोचक्यातही टिकतं. फाटलं तर नवं करता येतं. दिवसातून दहा मिनिटं बाळाला मांडीवर घेऊन ते उघडणारं माणूस मात्र घरात हवं. पुस्तक निवडण्याआधी ती वेळ ठरवा.