घरट्याखालचे पिल्लू

परसदारी येणारी पाखरे आपण रोज पाहतो. परंतु पाहणे आणि निरीक्षण करणे यांत किती अंतर आहे, हे मला माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीने शिकविले.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात आमच्या सांगलीच्या घरामागील जास्वंदीत लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने घरटे बांधले. बारीक मुळ्या व काड्या कोळिष्टकांनी गुंफून केलेली ती जणू लहानशी वाटीच. एके सकाळी त्यातील एक पिल्लू जमिनीवर दिसले. अंगावर पिसे होती, शेपूट आखूड होते, उडता येत नव्हते. माझा जीव कळवळला. मी ते उचलून कापसाच्या खोक्यात ठेवले, दुधात भिजविलेला पाव भरविला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गतप्राण झाले होते. “आजी, आपण तर त्याला वाचवलं होतं ना?” या नातीच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ते पुढे वाचनातून मिळाले. बुलबुलाची पिल्ले साधारणतः बारा-तेरा दिवसांची होताच घरटे सोडतात. त्या वेळी त्यांना नीट उडता येत नसते. काही दिवस ती झुडपांत, जमिनीवर उड्या मारत राहतात आणि आईबाप तेथेच त्यांना किडे-अळ्या भरवितात. म्हणजे आमचे पिल्लू निराधार नव्हते. ते उडावयास शिकत होते. पक्ष्यांना दूध पचत नाही, शिवाय चोचीत घातलेला द्रव श्वासनलिकेत शिरण्याचा धोका असतो. ज्याला मी दया समजत होते, त्या दयेला ज्ञानाचे डोळे नव्हते.

यंदा पुन्हा घरटे झाले. या वेळी नातीने वही केली आणि आम्ही ओसरीवरूनच पाहिले. तीन अंडी, तीन पिल्ले. नर-मादी दोघेही आळीपाळीने चारा आणीत. कावळा जवळ येताच कर्कश ओरडून सारे परस जागे करीत. तरीही एक पिल्लू भारद्वाजाने नेले. नात त्याच्यावर रागावली. “त्याच्याही घरट्यात कोणी वाट पाहत असेल,” एवढेच मी म्हणाले.

मग उरलेल्यांपैकी एक पिल्लू खाली उतरले. हात पुढे होत होता. तो मी आवरला. शेजारचे मांजर मात्र आम्ही दिवसभर दूर ठेवले. तासाभराने चोचीत नाकतोडा धरून आई आली. चौथ्या दिवशी ते पिल्लू पेरूच्या फांदीवर बसलेले दिसले. नातीने वहीत तारीख लिहिली आणि खाली एक रेघ ओढली.

वाचकहो, पिल्लाच्या अंगावर पिसे असतील आणि इजा नसेल, तर त्याला तेथेच राहू द्यावे. फार तर जवळच्या झुडपात ठेवावे. पिसे नसतील, तर अलगद घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागल्याने आई पिल्लाला टाकते, हा समज खरा नव्हे. जखमी असल्यास पशुवैद्य किंवा वनविभागास कळवावे. विणीच्या दिवसांत झुडपांची छाटणी टाळावी, उथळ परळात रोज ताजे पाणी ठेवावे.

बाकी पुष्कळसे काम त्यांचे आईबाप करीतच असतात. आपण थोडे दूर बसून ते पाहावयास शिकावे.